घ की ध?

प्रश्न: मोबाइलवर वाचताना मला घ चा ध आणि भ चा म दिसतो, चष्मा तर नवीनच आहे, मग गडबड कुठंय?

उत्तर: डोळ्यांना कशाला दोष देताय, फॉन्ट बदलून बघा आधी. म ची शिरोरेघ सलग असते आणि भ ची डावीकडे तुटलेली, शिवाय तिथे छोटी गाठ, घ-ध चंही तेच, म्हणजे सगळा फरक त्या इवल्याशा फटीत आणि गाठीत, आणि अक्षर जाड नि आकारानं लहान केलं की नेमकी तीच बुजते. फट मोठी, गाठ मोकळी असलेला फॉन्ट घ्या, बोल्ड टाळा. ख चे दोन भाग खाली जोडलेलेच हवेत, नाहीतर रव वाचलं जातं! इंग्रजीतही एरिअल फॉन्टमधे कॅपिटल आय आणि स्मॉल एल जवळपास सारखेच, पासवर्ड टाकताना वैताग नुसता.