पत्ता एर्लांगेनचा, घर ब्युशेनबाखचं

अगं, तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. अकरा वर्षांपूर्वी मीही लोकांना हेच विचारत होते. नवऱ्याची नोकरी जर्मनीतल्या एर्लांगेनला, जागा मिळतेय ब्युशेनबाखमध्ये, आणि भाडेकरारावर ब्युशेनबाखचं नावसुद्धा नाही, नुसतं 91056 एर्लांगेन. हे खेडं आहे की शहर, आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे राहावं का, असं तू विचारलंस. माझं उत्तर आहे, राहावं. पण जागा पक्की करण्याआधी ते गाव नीट समजून घे, कारण तिथे कुठल्या बाजूला घर घेतेस यावर तुझे रोजचे दिवस कसे जातील ते ठरणार आहे.

सुरुवात नदीपासून करते. एर्लांगेनच्या पश्चिमेला रेग्निट्स वाहते, दक्षिणेकडून उत्तरेकडे. तिच्या दोन्ही अंगांना रुंद, सपाट कुरणं आहेत. पुराचं पाणी तिथे पसरतं, म्हणून तिथे वस्ती झाली नाही. शहर पूर्वेच्या काठावर, ब्युशेनबाख पश्चिमेला, मध्ये फक्त हिरवं. गावाकडे जाणारा रस्ता भराव टाकून उंच केलेला आहे, त्याचं नावच ब्युशेनबाखर डाम, म्हणजे ब्युशेनबाखचा बांध. नदी ओलांडली की पुढे माइन-डॅन्यूब कालवा लागतो, 1992 साली पूर्ण झालेला, 171 किलोमीटर लांबीचा. मग जमीन हळूहळू चढत जाते आणि गाव सुरू होतं. शहराच्या मध्यापासून हे अंतर तीनेक किलोमीटर, सायकलवर पंधरा मिनिटं. सायकल घेच. 1972 पासून 1996 पर्यंत महापौर असलेल्या डिटमार हालवेग यांनी या शहरात सायकलचे रस्ते इतके मनावर घेतले की त्याचा फायदा आपल्याला आजही रोज होतो.

आता इतिहास, कारण मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. ब्युशेनबाखचा पहिला लेखी उल्लेख 996 सालचा आहे: सम्राट ऑटो तिसरा याने इथली जहागीर माइन्त्सच्या एका मठाला दान दिली, ते दानपत्र. एर्लांगेनचा पहिला उल्लेख 1002 सालचा. म्हणजे कागदोपत्री हे गाव त्याला पोटात घेणाऱ्या शहरापेक्षा सहा वर्षांनी थोरलं आहे! पुढे गाव बांबेर्गच्या कॅथीड्रलच्या प्रमुखाकडे गेलं आणि कित्येक शतकं तिथल्या धर्मसत्तेच्या ताब्यात राहिलं. त्यामुळे आजूबाजूचा मुलूख प्रोटेस्टंट झाला तरी ब्युशेनबाख कॅथलिकच राहिलं. गावाच्या मधोमध सेंट झिस्टुसचं जुनं चर्च दिसेल. सन 258 मध्ये मारल्या गेलेल्या पोप सिक्स्टस दुसऱ्याचं ते चर्च.

नदीपलीकडे एर्लांगेनची गोष्ट अगदी निराळी. 1686 मध्ये फ्रान्समधून धर्मासाठी परागंदा झालेले ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट लोक तिथे आले. बायरॉइटच्या क्रिस्टिआन एर्न्स्ट या मार्कग्राफने, म्हणजे तिथल्या संस्थानिकाने, त्यांना आसरा दिला आणि त्यांच्यासाठी सरळ काटकोनी रस्त्यांची नवी पेठ आखून घेतली. 1743 पासून विद्यापीठ आलं. इकडे शेतकऱ्यांचं कॅथलिक गाव, तिकडे निर्वासित कारागिरांचं आणि प्राध्यापकांचं प्रोटेस्टंट शहर, मध्ये पुराची कुरणं. परक्या मुलखातून आलेल्यांनी मोठं केलेलं शहर आहे हे, आणि पहिल्या हिवाळ्यात एकटं वाटायचं तेव्हा मला त्या ह्युगेनो लोकांची खरंच आठवण यायची.

गाव शहरात विलीन झालं 1923 मध्ये. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं ते शेतीचंच गाव होतं. चित्र बदललं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. सीमेन्सने बर्लिनहून आपला मोठा कारभार एर्लांगेनला आणला, माणसं येत राहिली, 1974 मध्ये शहर लाखापार गेलं. इतक्या लोकांना घरं कुठे बांधायची? पूर्वेला जंगल, मध्ये पुराची जमीन, मग पश्चिमेची शेतं. कालव्याकाठच्या उंच इमारती आणि रुडेल्टप्लाट्स या चौकाच्या आसपासची वस्ती यातूनच उभी राहिली.

तू बाणेरची आहेस, तुला हे पटकन कळेल. भैरवनाथाच्या देवळाभोवतीचं गावठाण आणि भोवतीचे टॉवर, तसंच आहे हे. डोर्फश्ट्रासेवर, म्हणजे 'गावरस्त्या'वर, वालुकाश्माची घरं आणि कोठारं अजून उभी आहेत. तिथून दहा मिनिटं चाललीस की चार-पाच मजली इमारती.

यातलं काय घ्यायचं? लहान मूल असेल तर मी नवीन वस्ती सुचवेन. बस जवळ, दुकानं जवळ, शेजारी निरनिराळ्या देशांतले, म्हणून मुलीला सोबत मिळते. जुन्या गावात शांतता जास्त, पण रिकामी घरं क्वचितच मिळतात आणि तळघर-जिने जुने असतात. एक मात्र कर, नवीन वस्तीत राहिलीस तरी गावात मिसळ. गावची केरवा म्हणजे आपल्या जत्रेसारखीच. ग्रामदैवताच्या जागी चर्चचा संत. गावकरी उंच झाड उभं करतात आणि परक्यालाही बाकावर जागा देतात. समोर कुणी आलं की 'ग्र्युस गॉट' म्हणायचं. इथल्या फ्रांकिश बोलीत प, त, क हे ब, द, ग सारखे मऊ होतात, त्यामुळे क्लासमध्ये शिकलेलं जर्मन पहिले काही महिने उपयोगी पडत नाहीये असं वाटेल. घाबरू नकोस, कान सरावतो.

मुलीच्या किंडरगार्टनचा अर्ज मात्र आजच कर, घर ठरण्याची वाट बघू नकोस. जागा कमी असतात. पहिलीत जाईल तेव्हा बव्हेरियात, म्हणजे एर्लांगेन ज्या राज्यात आहे तिथे, सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, आणि ब्युशेनबाखमध्येच शाळा आहेत. आल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. तो किल्लीबरोबरच मागून घे.

नवऱ्याने पुढेमागे पश्चिमेकडच्या हेर्त्सोगेनआउराखला नोकरी घेतली (आदिदास, प्यूमा, शेफ्लर तिथेच आहेत), तरी तुम्ही योग्य बाजूला असाल. न्युर्नबेर्गहून एर्लांगेनमार्गे तिकडे जाणाऱ्या ट्रामच्या योजनेला शहराने जून 2024 च्या मतदानात थोडक्या फरकाने होकार दिला. ती ब्युशेनबाखमधून जायची आहे. पण त्यासाठी कुरणांवरून नवा पूल लागेल, आणि त्याचं दुःख असणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांचं म्हणणंही मला पटतं. त्या मोकळ्या पट्ट्यानेच तर हे गाव एवढी वर्षं गाव ठेवलं.

खाण्याचं विचारलंस म्हणून: इथले मासे म्हणजे तळ्यातले कार्प, सप्टेंबर ते एप्रिल. शेजारच्या डेक्सेनडोर्फच्या मोठ्या तळ्याचं नाव 'बिशपचं तळं' आहे, उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असायचं त्या काळाची आठवण. अर्धा मासा कुरकुरीत तळून देतात. मी वर तिखट भुरभुरते.

घर बघायला येशील तेव्हा स्टेशनवरून टॅक्सी करू नकोस. नदीपर्यंत चालत ये, कुरणातल्या पायवाटेने पलीकडे जा, आणि मुलीलाही चालू दे. मी कालव्याच्या पुलावर भेटते.