सिनॉप्सिस जमा करण्याआधी

इंदूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, शांतपणे वाचला. मेहनत दिसते. आधीच्या कामाचा आढावा नीट घेतलास, भाषा स्वच्छ आहे, आणि लहान विक्रेते मोबाईल पेमेंट ॲप कसं वापरतात हा विषय तर मला मनापासून आवडला. अडले ते 'पद्धती' या भागापाशी. तिथे तू लिहिलंस : विभागातले तीस विद्यार्थी, लॅबचं वाय-फाय, एकाच मॉडेलचे फोन, आणि शेवटी प्रश्नावली. शीर्षकात विक्रेते आहेत, पण संशोधनात एकही विक्रेता नाही. तुझे गाईड हे चालवून घेतीलही, कारण असे प्रबंध दरवर्षी मंजूर होतात. पण माझी नोकरीची सगळी वर्षं सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये गेली आहेत, आणि हे तुला न सांगता मी गप्प बसले तर बरं होणार नाही.

तीस विद्यार्थी म्हणजे तीस विशीतली मुलं, सगळी कॉम्प्युटर शिकणारी. ॲप अडकलं की मागे जायचं, बंद करून उघडायचं, सेटिंग बघायचं, हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक आहे. त्यांच्याकडून तुला त्यांच्याचबद्दल कळेल.

त्यापेक्षा रात्री नऊनंतर सराफ्यात जा. दागिन्यांची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागल्या की एका कडेला उभी राहा आणि एकाच गाडीकडे बघत राहा. जिलेबीवाल्याचा एक हात कढईवर असतो, दुसरा पिठाने माखलेला. फोन गल्ल्याजवळ कुठेतरी उलटा पडलेला. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं, पैसे आल्याचं सांगणारा डबा बोलतो, 'पचास रुपये प्राप्त हुए', आणि तो मान हलवून पुढचा द्रोण भरतो. ज्या स्क्रीनवर तू तीन प्रकरणं लिहिणार आहेस ती स्क्रीन त्या माणसाने संध्याकाळपासून पाहिलेलीच नाही. त्याचं ॲप कानाने चालतं.

आता आणखी थोडा वेळ थांब. दोन गिऱ्हाइकं एकदमच पन्नास-पन्नास रुपये पाठवतात. डबा एकदा बोलतो, मग जरा दम खाऊन पुन्हा बोलतो. पहिले पैसे कोणाचे? शेजारी भुट्ट्याचा कीस विकणाऱ्याकडेही तसाच डबा, तसाच आवाज. तो बोलला की आपला, हे गर्दीत कसं ओळखायचं? कधी नेटवर्क अडतं, गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी खूण येते आणि डबा मात्र गप्प. अशा वेळी विक्रेता काय करतो? माणसाला थांबवून ठेवतो, त्याचा फोन हातात घेऊन बघतो, की ओळखीचा चेहरा आहे म्हणून जाऊ देतो? रात्री हिशेब जुळला नाही तर चूक कोणाच्या माथी मारतो?

तुझा प्रश्न इथे आहे. 'पेमेंट ॲपची उपयोगसुलभता अभ्यासणे' हा प्रश्नच नव्हे, ते नुसतं खात्याचं नाव झालं. 'सारख्याच रकमेची दोन पेमेंट लागोपाठ आली तर विक्रेता कोणाचे पैसे आले हे कशावरून ठरवतो आणि कधी फसतो' हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळू शकतं, ते चुकूही शकतं, आणि मिळालं तर डबा बनवणाऱ्याला उद्या काहीतरी बदलता येईल. यूपीआय 2016 साली सुरू झालं. एवढ्या थोड्या वर्षांत ते गाडीगाडीवर पोचलं, पण गाडीवर बसून त्याच्याकडे बघणारे फार थोडे आहेत.

नुसतं बघण्याला संशोधन म्हणतात का, असं तुझ्या मनात येईल. म्हणतात. मोबाईलचे डिझायनर स्टीव्हन हूबर यांनी 2013 साली रस्त्यावर, बसथांब्यावर, कॅफेत 1,333 लोक फोन कसा धरतात याच्या नोंदी केल्या. कोणाला काही विचारलं नाही. स्क्रीनला स्पर्श करत असलेल्यांपैकी सुमारे 49 टक्के लोक फोन एकाच हातात धरून अंगठ्याने चालवत होते. बटण कुठे ठेवावं यावर आजही वाद होतो तेव्हा त्या नोंदी काढल्या जातात. बघण्याला शिस्त मात्र हवी : काय मोजायचं हे आधी ठरवायचं, आणि सगळ्यांसाठी तेच मोजायचं.

प्रश्नावली टाकून दे असं मी म्हणत नाही. उपयोगसुलभता मोजणारी, जॉन ब्रूक यांची 1986 सालची दहा विधानांची प्रश्नावली तू घेतली आहेस, ती चांगली आहे. फक्त तिचे गुण 0 ते 100 मध्ये येतात म्हणून त्यांना टक्के समजू नकोस. सरासरी 68 च्या आसपास पडते, तेव्हा 65 म्हणजे प्रथम श्रेणी नव्हे. आणि ती शेवटी दे, आधी नको. आपल्या इंदूरची माणसं अगत्याची. विद्यार्थिनी घरून निघून गाडीवर आली, वही उघडून विचारते आहे म्हटल्यावर 'एकदम बढिया है बेटा' हेच उत्तर मिळणार, वर प्लेटही पुढे येणार. त्यांना मत विचारू नकोस, घडलेलं विचार. 'ॲप कसं वाटतं?' याऐवजी 'काल पैसे अडकले होते का, मग काय केलंत?' असं विचारलंस की माणूस आठवून सांगू लागतो, हातवारे करतो, फोन काढून दाखवतो. आणि मनात येईल ते बोलत-बोलत काम करायला लावण्याची जी पद्धत तू वाचलीस, ती घरी निवांत बसलेल्या माणसासाठी ठीक आहे. ज्याचं तोंड गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतलंय त्याच्यासाठी नाही.

किती माणसं घ्यायची, हे तू दोन ठिकाणी विचारलंस. पाच पुरेत, हे वाक्य तुला सगळीकडे सापडेल. ते नील्सन आणि लँडॉअर या संशोधकांच्या 1993 च्या गणितातून आलं : एका माणसाकडून सरासरी 31 टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे 85 टक्के उघड होतात. पण 2003 मध्ये लॉरा फॉकनर यांनी साठ जणांची चाचणी घेऊन त्यातून पाच-पाचांचे गट काढून पाहिले. काही गटांना 99 टक्के अडचणी सापडल्या, काहींना जेमतेम 55. तुझ्या वाट्याला कोणता गट येईल हे आधी कळत नाही. बटण सुधारायचं असेल तर पाच जण घे, सुधार, पुन्हा पाच घे. पण 'इतके टक्के विक्रेते चुकतात' असं छापायचं असेल तर पाचांवर ते वाक्य उभं राहत नाही. नवीन फोन घेतलेला, वर्षानुवर्षं वापरणारा, वाचता न येणारा, यांचे गट वेगळे ठेव.

'वर्षानुवर्षं वापरणारा' यावर मला थांबावंसं वाटतं, कारण तुझ्या आराखड्यात प्रत्येक माणूस एकदाच भेटतो. कॅन्सरवर किरणोपचार करणाऱ्या थेराक-25 या यंत्राची हकिगत वर्गात तुम्हाला शिकवली असेल. 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना त्यातून भयानक प्रमाणात किरण बसले, काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर इथे 1986 मध्ये काय झालं ते नीट वाच. ऑपरेटर रोज तेच काम करून हाताने वेगवान झाली होती. उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप झाला, तिने कर्सर वर नेऊन चटकन दुरुस्त केला. स्क्रीनवर दुरुस्ती दिसली. पण यंत्र आतली मांडणी करायला जे आठ सेकंद घेत होतं, त्याच आठ सेकंदांत ती दुरुस्ती आटोपली होती, आणि ती आत पोचलीच नाही. सावकाश टाइप करणाऱ्याच्या हातून हा दोष कधी दिसला नसता. समोर आलं ते एवढंच : 'मालफंक्शन 54'. त्याचा अर्थ ऑपरेटरच्या पुस्तिकेत नव्हता, आणि असे संदेश रोजच येत असल्यामुळे पुढे चालू ठेवण्याची कळ दाबायची सवय पडलेली होती. शेवटी त्या रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ आणि ती ऑपरेटर दोघं यंत्रापाशी बसले, पुन्हा पुन्हा टाइप करून तो वेग जमवला, आणि दोष हुकमी घडवून दाखवला. तो त्या खोलीत सापडला, जिने ते घडताना पाहिलं होतं तिच्या मदतीने.

म्हणून म्हणते, त्याच विक्रेत्याकडे काही आठवड्यांनी परत जा. हात सरावले की माणूस वेगळ्याच चुका करतो. डब्याकडे लक्ष देणं सोडतो, सूचना न वाचता पुसतो, एका बोटाने दोन स्क्रीन ओलांडतो. पहिल्या दिवशी यातलं काहीच दिसणार नाही.

लॅब सोडून दे असा याचा अर्थ घेऊ नकोस. उलट गाडीवर जे दिसलं ते लॅबमध्ये आणून हुकमी घडवता आलं पाहिजे. यादृच्छिक टॅप करणारं मंकी टूल चालवशील तर त्याचा सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून टॅपचा क्रम ठरतो तो, लिहून ठेव, म्हणजे क्रॅश झाला तर तोच क्रम पुन्हा चालवता येईल. स्वस्तातला, मेमरी भरलेला फोन मुद्दाम घे. ॲपने पाच सेकंद स्पर्शाला दाद दिली नाही की अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' ची खिडकी दाखवतं. विक्रेत्याचा धीर त्याच्या कितीतरी आधी सुटतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन निजल्यावर नोटिफिकेशन उशिरा येतात, ही सोय अँड्रॉइडमध्ये 2015 पासून आहे, आणि गल्ल्याजवळ उलटा पडलेला फोन हा निजलेलाच फोन असतो.

देवनागरीची चाचणी तुझ्या आराखड्यात अजिबात नाही, याचं मला वाईट वाटलं. आमच्या रामबागेतल्या एका आजींनी फोनवरची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत. त्यांच्या ॲपमध्ये वरचा मजकूर एवढा पसरतो की 'पुढे जा' हे बटण स्क्रीनच्या खाली निघून जातं. खाली सरकवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी ॲप तिथेच संपतं. दुसऱ्या एका बटणावर वेलांटीचा माथा आणि उकाराची शेपटी दोन्ही छाटलेली. अँड्रॉइड 14 पासून अक्षरं 200 टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, तेव्हा तेवढी वाढवून प्रत्येक स्क्रीन बघ. नावाच्या रकान्यात अक्षरांची मर्यादा असेल तर तीही तपास : 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं, यंत्राच्या हिशेबी ते चार. एसएमएस इंग्रजीत 160 अक्षरांचा बसतो, देवनागरीत 70 चा. पैसे आल्याचा संदेश मराठीत पाठवायचा ठरलं तर तो 70 च्या वर गेल्यास दोन तुकड्यांत जातो, आणि रक्कम दुसऱ्या तुकड्यात गेली तर काय होईल याचा विचार कर.

वहीबद्दल एक सांगते. पानाच्या डाव्या बाजूला काय घडलं ते, वेळ टाकून. उजव्या बाजूला तुला काय वाटलं ते. दोन्ही कधी मिसळू नकोस. आणि प्रत्येक नोंदीपाशी ॲपची आवृत्ती आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिही. ॲप रात्रीतून आपोआप अपडेट होतात. महिनाभराने आकडे बदललेले दिसले तर माणसं बदलली की ॲप बदललं, हे एरवी सांगता येणार नाही.

लोकांच्या पैशाची गोष्ट आहे, म्हणून काळजी घे. काय करते आहेस ते त्यांच्या भाषेत सांगून परवानगी घे, आणि मध्येच नको म्हणाले तर नोंद त्यांच्यासमोर खोडून टाक. क्यूआर कोडचे, शिल्लक दिसणाऱ्या स्क्रीनचे फोटो काढू नकोस. गाड्यांवर मदतीला असलेली पुष्कळ मुलं अठराच्या आतली असतात. त्यांच्या नोंदी घ्यायच्याच नाहीत. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही त्यांच्यासाठी पालकांची संमती सांगितली आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आणि बोलायचं असेल तर गाड्या लागत असताना जा. ऐन गर्दीत त्यांचा धंदा अडवू नकोस. तेव्हा फक्त बाजूला उभी राहून बघ.

सिनॉप्सिस जमा करायला अजून वेळ आहे. पद्धतीचा भाग तेवढा नव्याने लिही, बाकीचं राहू दे. गाईडांना आधी एका गाडीवरच्या दोन-तीन रात्रींच्या नोंदी दाखव, मग बदल माग. नोंदी बघितल्यावर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. रविवारी दुपारी मी घरीच आहे. येताना वही आण, आणि सारख्या रकमेची दोन पेमेंट आलेला एखादा प्रसंग मिळाला असेल तर तो मिनिटामिनिटाने मांडून आण.

तुझी,
मावशी