बिल्डर, जेसीबी आणि चेरीच्या बिया

प्रश्न : आमच्या शेजारचा वाडा पाडून नवी इमारत होतेय. पाया खणताना खापरं आणि एक दगडी नळ निघाला. बिल्डर म्हणतो, पुरातत्त्ववाले आले की दोन वर्षं गेलीच. हे काम पंधरा दिवसांत का उरकत नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर : बिल्डरची भीती अगदीच खोटी नाही. पण वेळ खोदण्यात जातो असं त्याला वाटत असेल, तर ते चूक.

इस्तंबूलला येनिकापी इथं मार्मराय रेल्वेच्या स्थानकासाठी २००४ मध्ये उत्खनन सुरू झालं. खाली निघालं रोमन सम्राट थिओडोसियसच्या नावाचं, गाळानं बुजलेलं बंदर आणि ३७ जहाजं! एका जहाजात तर टोपलीभर चेरीच्या बिया. हजारेक वर्षं त्या टिकल्या, कारण ओल्या गाळात हवा पोचली नव्हती. आता असं लाकूड उघडं पडलं की वाळतं, आक्रसतं, तडकतं. म्हणून त्यावर मांडव घालून सतत पाणी शिंपडायचं आणि त्याच खड्ड्यात झिरपून येणारं पाणी पंपानं उपसायचं! मग एकेक फळी मोजायची, तिचं चित्र काढायचं, उचलून टाकीत बुडवायची आणि पुढं कित्येक महिने तिच्यात मेणासारखं रसायन मुरवायचं. जहाजांच्या खालच्या थरात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या पावलांचे ठसे निघाले. रेल्वे २००९ ऐवजी २९ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान ‘गाडग्या-मडक्यांमुळं’ उशीर झाला म्हणून वैतागले होते. तुमच्या बिल्डरला सांगा, एकटे नाही आहात.

आमचं काम याच्यापुढं गरिबाघरचं. एका जुन्या गावठाणात दोन बाय दोन मीटरचा खड्डा घेतला होता. दीड मीटरवर चुलीची राख लागली. अंधार पडला म्हणून ताडपत्री टाकून घरी गेलो. सकाळी बघतो तर शेजारची ड्रेनेज लाईन फुटून खड्डा काठोकाठ भरलेला. राखेचा नमुना घ्यायचा राहिला तो राहिलाच. (वास दोन दिवस अंगाला होता, ते वेगळं.)

शहरात थरही सरळ नसतात. कुणी आड खणला, कुणी शौचकूप, कुणी केबल टाकली. जुन्या खापरांच्या खाली मला एकदा दुधाची प्लॅस्टिकची पिशवी सापडलीय. ती कुठल्या चरातून उतरली हे शोधण्यात आमचा अख्खा दिवस गेला.

तुमचा नळ नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याचा आहे का, हे नुसत्या वर्णनावरून सांगणार नाही. जेसीबी दोन दिवस थांबवायला लावा. नळ किती खोल आहे, कुठल्या दिशेला जातो, ते लिहून ठेवा. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. खापरं धुऊ नका. कोपऱ्यानुसार वेगवेगळ्या पिशव्यांत घालून चिठ्ठी टाका. आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ चा कायदा अजून आहे. दहा रुपये! बिल्डरला हे चहा पिताना सांगा. आणि फोटो मला पाठवा, नळाच्या सांध्याचा जवळून घेतलेला एक तरी.