इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, मग इंटेलिजन्स ब्युरोत बुद्धीचं काय काम?

तुम्ही विचारलंय की एकच शब्द हुशारीलाही आणि हेरखात्यालाही कसा काय लागतो, मुळात तो आला कुठून, आणि एआयला बुद्धिमत्ता म्हणणं बरोबर आहे का. मी भाषातज्ज्ञ वगैरे काही नाही, मालवणात राहतो आणि शब्दकोश चाळत बसायचा नाद आहे, तेवढ्या भांडवलावर सांगतो, थोडं लांबेल.

शब्द लॅटिनमधला. इंटर म्हणजे मध्ये आणि लेगेरे म्हणजे वेचणं, निवडणं. दोन्ही जोडून जे क्रियापद झालं त्याचा अर्थ समोरच्या गोष्टींतून हे वेगळं, ते वेगळं असं ओळखता येणं, आणि त्यावरून पुढे 'समजणं'. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की किनाऱ्यावर जो ढीग पडतो त्यात बांगडे, तारल्या, पेडवे, मधेच एखादी कुर्ली असं सगळं एकात एक असतं, आणि बाजूला बसलेली काकी गजाली मारता मारता हाताने ते वेगळं करत जाते, धड बघत पण नाही, तर ते जे चाललेलं असतं ना ते मूळ इंटेलिजन्स. याच लेगेरेचा दुसरा अर्थ वाचणं, म्हणजे अक्षरं वेचायची, त्यातून लेक्चर आलं, आणि सिलेक्शन, कलेक्शन, इलेक्शन ही सगळी पण त्याच घरातली भावंडं. आपल्याकडे मराठीच्या पुस्तकातल्या निवडक उताऱ्यांना 'वेचे' म्हणतात, तीच कल्पना, कोणी कोणाची ढापलेली नाही.

फ्रेंचमधून हा शब्द 14 व्या शतकाच्या शेवटाला इंग्रजीत गेला तेव्हा अर्थ समज, आकलन एवढाच होता. पण पुढच्या शतकात तो सरकला, समजून घ्यायची ताकद राहिली बाजूला आणि जे समजलं त्यालाच, म्हणजे खबरीला, लोक इंटेलिजन्स म्हणायला लागले. लंडनमध्ये 1663 साली चक्क 'इंटेलिजन्सर' नावाचा पेपर निघाला होता. जुन्या इंग्रजी पेपरांत 'शिपिंग इंटेलिजन्स' असं सदर असायचं आणि त्यात काय, तर कुठलं जहाज कुठून सुटलं नि कुठल्या बंदराला लागलं, बस. मग खबर चोरून काढलेली असेल तर ती हेरगिरी, 16 व्या शतकात इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या वॉल्सिंगहॅम नावाच्या मंत्र्याने तर हेरांचं अख्खं जाळं विणलेलं होतं. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच, की ब्युरोतला इंटेलिजन्स म्हणजे खबर. आपल्या सरकारने निदान इथे घोळ घातला नाही, 'राज्य गुप्तवार्ता विभाग' म्हणतात, त्यात वार्ता आहे आणि बुद्धीचं नाव नाही.

आता माझा आवडता भाग, अक्कल. हा शब्द अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. अरबीत त्याच धातूचा अर्थ बांधणं, उंट पळून जाऊ नये म्हणून त्याचा पाय दुमडून ज्या दोरीने बांधतात तिला इकाल म्हणतात. रत्नागिरीकडचे जे लोक कुवेत-दुबईला नोकरीला जाऊन आलेत त्यांनी अरबांच्या डोक्यावर रुमालावर बसवलेलं काळं कडं बघितलंच असणार, त्याचं नाव पण इकालच. म्हणजे अक्कल ही मुळात आवरून धरणारी वस्तू आहे, जास्त चमकणारी नाही (आपण 'अक्कल पाजळू नको' म्हणतो ते मला म्हणून एकदम पटतं). आणि ही अक्कल आपल्या इंटेलिजन्सला येऊन भेटते, ती अशी. इब्न सीना वगैरे तत्त्वज्ञांनी मांडलं होतं की आकाशातल्या गोलांच्या मागे एकाखाली एक अशा दहा 'अक्कल' आहेत, शरीर नसलेल्या. 12 व्या शतकात स्पेनमध्ये तोलेदोला ही पुस्तकं लॅटिनमध्ये उतरवली तेव्हा त्या अक्कलेला शब्द वापरला इंटेलिजेन्शिया. त्यामुळे नंतर बराच काळ युरोपात 'इंटेलिजन्सेस' म्हणजे ग्रहांचे गोल फिरवणारे देवदूतासारखे कोणीतरी असाही अर्थ चालत होता. आपल्याकडे मात्र ती आकाशातून थेट तलाठ्याच्या दप्तरात उतरली, जुनं खरेदीखत काढून बघा, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' असं असतं, म्हणजे माणूस शुद्धीवर आहे एवढंच. त्यातलं हुशारी पण फारसी, होश वरून.

बुद्धी आपली, संस्कृत. बुध् म्हणजे जागं होणं, म्हणून कार्तिकी एकादशीला, देव जागे होतात म्हणून, प्रबोधिनी म्हणतात. सांख्य तत्त्वज्ञानवाल्यांनी बुद्धीचं काम सांगितलं ते निश्चय करणं. टिळकांनी (रत्नागिरीचेच) गीतारहस्यात व्यवसायात्मक बुद्धी आणि वासनात्मक बुद्धी अशी जी फोड केलीय त्यात पहिली ती हीच, निर्णय करणारी. लॅटिनच्या निवडण्यापासून हे फार लांब नाही.

पण या सगळ्यात कुठेही बुद्धी म्हणजे डोक्यात किलोने भरलेला माल असं नव्हतं, आणि आज आपण बहुतेक त्याच अर्थाने बोलतो. तो अर्थ माझ्या मते अगदी अलीकडचा, चाचण्यांनी आणलेला. पॅरिसमध्ये 1905 साली बिने आणि सिमोन या मानसशास्त्रज्ञांनी शाळेत मागे पडणारी, वेगळी मदत लागणारी मुलं ओळखायला प्रश्न तयार केले. 1912 मध्ये जर्मनीच्या स्टर्नने मानसिक वय भागिले खरं वय असं गणित घातलं, 1916 मध्ये अमेरिकेत टर्मनने त्याला शंभराने गुणलं, आणि झाला बुद्ध्यांक. बिने स्वतः बुद्धी ठरलेली, न वाढणारी असते असं मानायच्या विरोधात होता, पण तो 1911 लाच गेला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी ती चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, बिने-कामत म्हणून अजून वापरतात. तसं मोजायची खोड आपल्याला पण आधीपासून होतीच म्हणा, पेशवाईतले साडेतीन शहाणे आठवा, देवाजीपंत चोरघडे, सखारामबापू आणि विठ्ठल सुंदर पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे, का तर नानांना तलवारीचं अंग नव्हतं म्हणे. नानांचं मूळ गाव वेळास, म्हणजे अर्धा शहाणा आमच्या कोकणचा!

आता एआय. 1955 मध्ये जॉन मॅकार्थी हा अमेरिकन गणितज्ञ आणि त्याच्या साथीदारांनी पुढच्या उन्हाळ्यातल्या डार्टमथ कॉलेजातल्या अभ्याससत्रासाठी रॉकफेलर फाउंडेशनकडे पैसे मागायला जो प्रस्ताव लिहिला त्यात हे नाव पहिल्यांदा आलं. पैसे मागायच्या कागदावर नाव दणदणीत घालावंच लागतं. ढिगातून वेगळं काढणं या लॅटिन अर्थाने घेतलं तर मशीनला इंटेलिजन्स म्हणायला माझी काही हरकत नाही, मोबाईल फोटो ओळखतो तो हेच करून. पण 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हटलं की जागं होणं आणि निश्चय करणं हे पण त्यात येऊन बसतं, आणि तेवढं अजून कोणी मला दाखवलेलं नाही. त्यापेक्षा सरळ एआय म्हणा, शेजारच्या रिक्षावाल्याला पण कळतं.