पोरगं म्हणतंय, मला जमणार नाही

मस्कतहून एका ताईंनी लिहिलंय: मुलगा टिळकवाडीत आजीकडे राहून बेळगावात बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचा कोर्स, करतोय. पहिल्याच वर्षी ॲनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेच्या विषयात, नापास झाला. "तू हुशार आहेस, होईल सगळं," असं रोज सांगते, पण आता तो फोनच उचलेना झालाय.

ताई, ते "हुशार आहेस" आधी थांबवा. नापासाची मार्कलिस्ट हातात असलेल्या पोराला ते खोटं वाटतं, आणि पुढे खरं सांगायची त्याला चोरी होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलंय की "मला जमेल" हा भरवसा सगळ्यात जास्त येतो तो स्वतः तडीला नेलेल्या कामातून. आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं बघूनही येतो. नुसत्या सांगण्याचा असर फार टिकत नाही, आणि आपण पालक नेमका तिथेच जोर लावतो.

तेव्हा काम विचारा. पहिल्या वर्षी मुलं मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतात. वरची पहिली दाढ कोरताना चार उंचवटे कसेबसे साधतात. टाळूच्या बाजूला काराबेलीचा म्हणून एक बारीक पाचवा असतो, तिथे हात जरा घसरला की कोपरा उडालाच. त्या दाढेचा फोटो मागवा, बिघडलेली असली तरी. ॲनाटॉमीची एखादी नर्व्ह आकृती काढून समजावून सांगायला लावा. तुम्हाला कळलं नाही तरी त्याची व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी होते.

मार्कलिस्टही नीट बघा. थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हीत वेगवेगळे ५० टक्के लागतात, आणि व्हायव्हा थिअरीत धरतात. कुठे अडलंय ते कळलं की डोंगर निम्मा होतो. सप्लिमेंटरीतून, म्हणजे फेरपरीक्षेतून, सुटलेला एखादा सीनियर गाठून दिलात तर फारच बरं.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय, "एमबीबीएस मिळालं नाही म्हणून इकडे घातलं." हे त्याच्यासमोर किती वेळा बोललं गेलंय? माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. नाइलाजाने घेतलेल्या कोर्ससाठी पोरगं पहाटे उठेल कशाला? दातांचं काम त्याला मनापासून आवडतं का, हे एकदा रागावल्याशिवाय विचारा. उत्तर "नाही" असं आलं तरी ऐकून घ्या.

एक बारीकशी गोष्ट: पुढे क्लिनिकला कानडी बोलणारे पेशंट येणारच. "बायी तेगीरी" (तोंड उघडा), "एल्लि नोवु?" (कुठे दुखतंय?) एवढं आत्तापासून आजीकडून शिकू दे. आजी खूश, पोराची भीडही मोडेल.

आणि तुम्ही फोन करता रात्री दहाला. बेळगावात तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. जेवणाआधी करा की!