करंट, नस आणि स्नायू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स्नायुतंतू चेतला तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही, असं पुस्तकात वाचलं. मग प्रात्यक्षिकात व्होल्टेज वाढवत नेलं की स्नायूचा जोर हळूहळू का वाढतो?

उत्तर : नियम एकेका तंतूचा आहे, आलेख मात्र तुम्ही हजारो तंतूंच्या स्नायूचा काढता. कमी व्होल्टेजला थोडेच तंतू चेततात, वाढवलं की आणखी सामील होतात. सगळे कामाला लागले की पुढे कितीही वाढवा, उंची तीच राहते. पुष्कळ विद्यार्थी ती सपाट रेघ येण्याआधीच प्रयोग आटोपतात!

प्रश्न : एका झटक्याने स्नायू नुसता फडकतो. सतत झटके देणाऱ्या मशीनवर मात्र आखडून तसाच राहतो. असं का?

उत्तर : फरक वेगाचा. तंतूवरची विद्युतलहर काही मिलिसेकंदांत सरते. पण तिने आत सुटलेलं कॅल्शियम परत गोळा होऊन स्नायू सैल पडायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेवढ्यात पुढचा झटका आला की आधीच्या ओढीवर नवी ओढ चढते. सेकंदाला पाच झटके दिले तर सुटे फडके दिसतात, वीसच्या आसपास थरथर उरते, चाळीस-पन्नासला बहुतेक स्नायू एकसंध ताठ होतात. हृदयाचा स्नायू असा आखडून राहू शकत नाही, कारण आधीचं आकुंचन ओसरत येईपर्यंत तो पुढच्या झटक्याला दादच देत नाही. नशीब आपलं.

प्रश्न : गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीला मशीन लावतात. स्वतः व्यायाम केल्यापेक्षा त्याने मांडी लवकर थकते. करंट जास्त होतोय का?

उत्तर : बहुधा नाही. त्वचेवरून दिलेला करंट स्नायूला थेट क्वचितच चेतवतो. तो आधी स्नायूतल्या नसेच्या (म्हणजे मज्जातंतूच्या, रक्तवाहिनीच्या नव्हे) फांद्यांना चेतवतो, कारण नस कमी करंटला जागी होते. मेंदू कामं वाटून देतो. हलक्या जोराला आधी लहान, चिवट तंतुगट लावतो, जोर लागेल तसे मोठे. आणि सगळ्यांना एकाच क्षणी न ओढता मागेपुढे ओढतो. मशीनला यातलं काहीच जमत नाही. पॅडखालचे, वरच्या थरातले तेच ते तंतू दर झटक्याला एकदम ओढले जातात, त्यात लवकर दमणारेही असतात. म्हणून दहा सेकंद चालू ठेवलं तर त्याच्या काही पट विश्रांती देतात. वारंवारता (सेकंदाला किती झटके) उगाच वाढवू नका, थकवा वाढेल. आणि मशीन चालू असताना, फिजिओथेरपिस्टने मना केलं नसेल तर, स्वतःही मांडी आवळा. नुसतं पडून राहण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न : वडिलांची हाताची नस तुटली आहे. घरचं मशीन लावलं तर काहीच हलत नाही. बिघडलंय का?

उत्तर : मशीन ठीक असेल. त्याचा एकेक झटका मिलिसेकंदाच्या अंशाइतका, साधारण 0.2 ते 0.4. नसेला तो पुरतो. नस सुकल्यावर उरलेल्या स्नायूला बरेचदा दहा मिलिसेकंदांहून लांब झटके लागतात. तसे झटके त्वचा भाजू शकतात, तेव्हा ते तज्ज्ञाच्या हातूनच घ्या. घरच्या मशीनचा करंट वाढवत बसू नका.

प्रश्न : पोटाला करंट देणारा पट्टा बांधून चरबी जाते का?

उत्तर : नाही. स्नायूला थोडा व्यायाम होतो, इतकंच. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं कुठलंही यंत्र लावू नका. गरोदरपणी पोटावर नाही, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला कोणीच नाही.