ब्रॉयलरच्या खाद्यात हळद, ओवा आणि लसूण मिसळल्यास प्रतिजैविके बंद करता येतात का?

आपण विचारले आहे की ३,००० ब्रॉयलर पक्ष्यांना खाद्यातून हळद, ओवा आणि लसूण दिल्यास प्रतिजैविके बंद करता येतील का, आणि वजन वाढेल का. तासगाव तालुक्यात माझे तेवढ्याच पक्ष्यांचे शेड आहे आणि खाद्य मी घरीच भरडतो. माझा अनुभव असा आहे की या वनस्पतींचा उपयोग निश्चित होतो, परंतु तो निरोगी पक्ष्याचे आतडे निरोगी ठेवण्यासाठी. शेडमध्ये शिरलेला आजार त्यांनी आटोक्यात येत नाही.

वाढीसाठी खाद्यातून रोज थोडे थोडे प्रतिजैविक देण्याची पद्धत युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंद केली आणि आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. ही वाढीसाठीची मात्रा आपण जरूर सोडावी. ओव्यातील थायमॉल जिवाणूंच्या पेशीचे आवरण खिळखिळे करते, तर हळदीतील कर्क्युमिनमुळे पित्ताचा स्राव वाढून चरबीचे पचन सुधारते आणि आतड्याचा दाह कमी होतो. कर्क्युमिन रक्तात फारसे शोषले जात नाही, पण आपल्याला ते आतड्यातच हवे असल्याने त्याने फारसे अडत नाही.

बहुतेकांचे चुकते ते मात्रेत. हळदीत ३ टक्के कर्क्युमिन धरले, तर एका टनाला ५ किलो हळद घातल्यावर किलोभर खाद्यात १५० मिलिग्रॅम कर्क्युमिन येते आणि ही मात्रा पुरेशी असते. ओव्याचे गणित मात्र वेगळे आहे. एक किलो ओव्यातून साधारण ३० ग्रॅम तेल आणि त्यात जेमतेम निम्मे थायमॉल मिळते. म्हणजे टनाला किलोभर ओवा घालून किलोमागे १५ मिलिग्रॅमच हाती लागते, तर प्रयोगांत सहसा १०० ते २०० मिलिग्रॅम वापरतात. शिवाय हे तेल उडून जाणारे आहे, त्यामुळे खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करताना लागणाऱ्या उष्णतेत त्यातले बरेच जाते. लसणाचा उग्र वास जास्त मात्रेत मांसाला लागतो, म्हणून मी तो सोडून दिला.

हळद कोणती घेता, यावर फार काही अवलंबून आहे. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात मिळाली म्हणून मी कणी आणली. पोत्याचे तोंड सोडताच कुबट वास आला, दोन-चार तुकडे मोडले तर आत करडी बुरशी होती, आणि तरीही मी ती दळून मिसळली. पाचव्या दिवशी विष्ठा पातळ झाली, ड्रिंकरभोवतीचे तूस ओले होऊन त्याचे गोळे पिल्लांच्या पायांना चिकटू लागले. बुरशीचे विष यकृतावर घाला घालते आणि ज्यासाठी हळद द्यायची त्याच्या नेमके उलट होते. आता मी अख्खी हळकुंडे घेतो आणि प्रत्येक पोत्यातील चार-पाच मोडून पाहतो. कट्कन मोडणारे, आतून नारिंगी असलेले हळकुंडच दळायला जाते. तयार पूड मी घेत नाही, कारण रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी पिवळा रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. मक्याचेही तसेच आहे, ओल १२-१३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आधी तो वाळवावा.

वजनापेक्षा खाद्याच्या बचतीकडे पाहावे. एक किलो वजन वाढायला जितके किलो खाद्य लागते, त्याला एफसीआर म्हणतात; २ किलोचा पक्षी १.६ एफसीआरने ३.२ किलो खाद्य खातो. एफसीआर ०.०५ ने जरी सुधारला तरी ३,००० पक्ष्यांमागे ३०० किलो खाद्य वाचते, आणि त्यासाठी लागते सुमारे ४८ किलो हळद. म्हणजे हळदीचा भाव खाद्याच्या भावाच्या सहापटीच्या आत असेल तरच हा व्यवहार परवडतो. आपल्या शेडमध्ये सुधारणा खरोखर होते का, हे पाहण्यासाठी मध्ये जाळी बांधून एकाच हॅचरीच्या पिल्लांचे दोन सारखे भाग करावेत, एकीकडे हळद द्यावी, दुसरीकडे देऊ नये, आणि दर आठवड्याला दोन्हीकडचे ५० पक्षी तोलून खाद्याची नोंद ठेवावी. करारावर पक्षी घेतले असतील तर कंपनीला विचारल्याशिवाय तिच्या खाद्यात काही मिसळू नये.

राणीखेत आणि गंबोरो या विषाणूजन्य रोगांच्या लसी हळद-ओवा दिल्यामुळे टाळता येत नाहीत. विष्ठेत रक्त दिसले किंवा पक्षी पंख पाडून कोपऱ्यात बसू लागले, तर ती रक्ती हगवण असू शकते; तेव्हा हळदीची मात्रा वाढवत न बसता ताजा मेलेला पक्षी घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे.